गुरुजींच्या दिनदर्शिकेवरच्या अकरा खुणा: एका ५५ सीसी पेट्रोल विमानाच्या मफलरचं प्रकरण

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. दुपारी साडेचारच्या सुमाराला गुरुजी सड्यावर, म्हणजे आमच्या जांभ्याच्या पठारावर, चढून आले, तेव्हा भाच्याचं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान नुकतंच उतरलं होतं आणि मी पंखाखालचं तेल पुसत होतो. गुरुजींनी मला तिसरी-चौथीत शिकवलंय. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या या सड्याच्या पूर्वेकडच्या उतारावर त्यांचं घर आणि खाली कुळागर, म्हणजे सुपारीची बागायत. ते आवाज चढवून बोलले नाहीत. हातात गुंडाळी करून आणलेलं दिनदर्शिकेचं पान होतं, ते त्यांनी विमानाच्या पंखावरच पसरलं. पानावर पेन्सिलीच्या अकरा खुणा आणि प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिहिलेली: ३.४०, ४.१०, ४.२५, असं.

"हिचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारचा जरा डोळा लागतो, तेवढीच झोप. तू यंत्राचं काम करतोस. बघ काही करता येतं का."

एवढं बोलून ते पान तिथेच ठेवून उतरले. भाचा गप्प. मला स्वतःला फार लागलं, कारण माझं लेथचं वर्कशॉप आहे, आयुष्यभर मी इंजिनांचेच भाग कातत आलोय आणि या विमानाचा आवाज जास्त आहे हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. "सडा मोकळा आहे, कोणाला काय त्रास," असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारं मोठं मॉडेल आहे त्यांना उपयोग होईल म्हणून पुढच्या तीन महिन्यांत आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितोय.

विमान आणि जागा

विमान एरोबॅटिकचं, पंखांची लांबी ८७ इंच, उड्डाणाचं वजन ७.८ किलो. इंजिन ५५ सीसीचं टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, वॉलब्रो पद्धतीचा डायफ्रॅम कार्ब, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पेट्रोलमध्ये तेल ३० ला १, म्हणजे लिटरला ३३ मिली. प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, २२ बाय ८: व्यास २२ इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं हिशेबी अंतर, ८ इंच. मफलर, म्हणजे सायलेन्सर, इंजिनासोबत आलेला, सिलिंडरच्या बाजूला थेट दोन बोल्टांवर बसणारा ॲल्युमिनियमचा डबा. आत फारसं काही नाही: एक पोकळी आणि दोन छोट्या नळ्या, तोंड खाली.

उडवायला परवानगी होती. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान 'मॉडेल' या वर्गात येतं. गोव्यात मात्र जागा नकाशावर तपासल्याशिवाय उडवूच नये. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, उत्तरेला मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालाय, आणि दोन्हींच्या भोवतालचा पट्टा छोट्या राज्याचा बराच भाग व्यापतो. आमची जागा त्यातून बाहेर पडते.

आवाजाचं प्रकरण वेगळं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल (ए) आहे. ती सरासरीची मर्यादा आहे, क्षणिक आवाजाची नव्हे. तरी गुरुजींच्या अंगणात विमानाचा आवाज ५५ च्या खाली आणायचा, हे लक्ष्य आम्ही धरलं.

आधी मोजणी

मफलर बदलायच्या आधी मोजायचं, एवढा हट्ट मी धरला. भाचा फोनवरचं ॲप घेऊन आला होता. दोन मोजण्यांतला फरक बघायला ते चालतं, खरा आकडा सांगायला नाही. मी ओळखीच्या एकाकडून 'क्लास २' अचूकतेचा ध्वनिमापक मागून आणला. अंतर ७ मीटर ठेवलं, कारण ब्रिटनमधल्या १९८२ च्या मॉडेल विमानांच्या आचारसंहितेत ७ मीटरवर ८२ डेसिबल असा आकडा आहे आणि तुलनेला काहीतरी ठाम लागतं. (एरोबॅटिक स्पर्धांच्या एफथ्रीए वर्गात ३ मीटरवर मोजतात, दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नयेत.) विमान जांभ्यावर बांधून, पूर्ण थ्रॉटल, चारही बाजूंनी मोजलं. मफलरच्या बाजूला सर्वांत जास्त: ९७.

अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने ७ मीटरवरचे ९७ हे ४०० मीटरवर, म्हणजे गुरुजींच्या घरापाशी, ६२ होतात. गुरुजींच्या अंगणात उभं राहून, भाच्याला उडवायला सांगून मोजलं, तर ६३ आले. विमान नसताना अंगणात ४४. पाखरं, पाटाचं पाणी आणि लांबवर एखादी बस, एवढंच.

अंगणात उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली, जी सड्यावर कधीच कळली नसती. घर कड्याच्या खाली आहे. विमान जमिनीवर असताना कड्याच्या आडोशामुळे इंजिन जवळजवळ ऐकूच येत नाही. ते उभं वर चढायला लागलं की कडा ओलांडतं आणि सगळा आवाज थेट अंगणात उतरतो, तोही नेमका पूर्ण थ्रॉटलला. जमिनीवरची मोजणी ही तुलनेपुरती; त्रास होतो तो हवेतल्या विमानाचा.

पिट्स मफलर: एक चूक

पहिला पर्याय आम्ही घाईत घेतला. पिट्स पद्धतीचा मफलर, म्हणजे सिलिंडरला वळसा घालून काऊलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत बसणारा आणि खाली दोन नळ्या काढणारा. पिट्स स्पेशल या दोनपंखी विमानाच्या गोल नाकात तो छान मावतो म्हणून हे नाव. विकणाऱ्याने "एकदम शांत" म्हणून सांगितलं होतं.

ध्वनिमापकावर ९६. एक डेसिबल कमी. उष्णतामापक बंदुकीने सिलिंडर हेड आधी १२८ अंश दाखवत होतं, आता १४९. आत वायूची वाट अडलेली, बाहेर काऊलमध्ये गरम डबा हवेच्या वाटेत बसलेला, दुसरं काय होणार. सहाव्या उड्डाणात आवाज अचानक फाटला. दोन बोल्टांपैकी एक पडून गेला होता, दुसरा अर्धा सैल, आणि सिलिंडर नि मफलर यांच्यातल्या फटीतून निघालेल्या झोताने काऊलचा आतला रंग करपवला होता. भाच्याने इंजिन बंद करून विमान व्यवस्थित उतरवलं, यात त्याचं कौतुक आहे. बोल्ट मीच आवळले होते, तेव्हा दोष माझा. इतक्या उष्णतेत निळा थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, टिकत नाही हे मला धंद्याने ठाऊक असायला हवं होतं. आता तिथे दातेरी वॉशरच्या जोड्या आहेत, बोल्टांची डोकी भोकं पाडून तारेने बांधलेली आहेत, आणि पहिल्या तापवणुकीनंतर इंजिन थंड झाल्यावर एकदा पुन्हा आवळलेलं आहे.

पिट्स मफलर वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. तो काऊलमध्ये मावण्यासाठी असतो, आवाज मारण्यासाठी नाही. आवाज मारायला पोकळी लागते, आणि काऊलमध्ये पोकळी ठेवायला जागाच नसते.

मग कॅनिस्टर की ट्यून्ड पाइप

ट्यून्ड पाइपवर भाच्याचा जीव होता. त्यात ताकदही वाढते: एक्झॉस्टची दाबलाट पाइपच्या शेवटाकडून परत येऊन निसटू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट (सिलिंडरचं एक्झॉस्टचं तोंड) बंद व्हायच्या क्षणी आत ढकलते. पण त्या लाटेला वेळेवर परत यायचं असतं, आणि वेळ म्हणजे लांबी. आम्ही वहीत हिशेब मांडला. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर, पोर्ट १६० अंश उघडं धरलं, फेरे मिनिटाला ७,०००; पोर्टपासूनची लांबी जवळजवळ १ मीटर येते. इतक्या कमी फेऱ्यांवर पाइप लांबच लागणार. आमच्या विमानाच्या पोटात कॅनिस्टरपुरता बोगदा आहे, मीटरभर पाइप शेपटीपर्यंत न्यायचा तर धडाच्या आतल्या दोन आडव्या चौकटी (फॉर्मर) कापाव्या लागल्या असत्या. विषय संपला.

कॅनिस्टर म्हणजे पातळ भिंतीची लांबट टाकी, आत भोकं पाडलेली नळी आणि एक-दोन पडदे. वायूला फुगायला जागा मिळते, दाबाचा ठोका बोथट होतो आणि वाटही फार अडत नाही. आम्ही घेतला तो २०५ ग्रॅमचा, सोबत ८५ ग्रॅमचा हेडर, म्हणजे सिलिंडरपासून कॅनिस्टरपर्यंतची नळी. जुना मफलर ११० ग्रॅम. म्हणजे १८० ग्रॅम वाढले.

वाढलेलं वजन कुठे बसतं ते महत्त्वाचं. जुना मफलर सीजीच्या, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या, ४३० मिमी पुढे होता. हेडर ३८० मिमी पुढे आणि कॅनिस्टर १६० मिमी पुढे येतो. गुणाकार केला तर नाकाकडचा भार १७,८०० ग्रॅम-मिमीने वाढतो आणि सीजी फक्त सव्वादोन मिमी पुढे सरकते. १२० ग्रॅमची इग्निशनची बॅटरी १४८ मिमी मागे नेली, हिशेब जागेवर. १८० ग्रॅम वाढणार म्हणून कॅनिस्टरला नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी, एवढं मनापासून सांगतो.

बसवणं

यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाऊ द्यावा. कॅनिस्टर फुकट जातो तो बहुतेक वेळा बसवण्यात.

हेडर इंजिनाबरोबर थरथरतो, कॅनिस्टर विमानाच्या पोटाला धरलेला असतो. दोन्ही टोकं पक्की केली तर मधे काहीतरी तुटणारच, आणि तुटतो तो हेडरचा फ्लँजजवळचा सांधा. म्हणून दोघांना जोडायला टेफ्लॉनची नळी आणि मागे कॅनिस्टरला सिलिकॉनचा मऊ आधार. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत सुखाने राहतं, त्यापुढे मऊ पडतं आणि ३२७ ला वितळतं. हेडरमधून निघणारा झोत त्याहून बराच गरम असतो. तर मग नळी टिकते कशी? हेडरचं टोक आणि कॅनिस्टरचं टोक नळीच्या आत एकमेकांना जवळजवळ भिडलेलं असलं तर झोत सरळ पुढे निघून जातो, टेफ्लॉनला लागत नाही.

आमची पहिली नळी चार उड्डाणांनंतर काढली, तर आतून बरोबर मधोमध अंगठीसारखा तपकिरी पट्टा उमटलेला, बोट फिरवलं तर तिथे खोलगट लागत होतं. दोन टोकांमध्ये ९ मिमी अंतर राहिलं होतं. हेडर ७ मिमी लांब करून घेतला, फट २ मिमीवर आणली. दुसरी नळी अजून पांढरी आहे.

दुसरं, बोगद्यातली हवा. समोरून आत येणाऱ्या हवेला मागे बाहेर पडायला आत येणाऱ्या तोंडाच्या दुपटीहून मोठी वाट ठेवली. पहिल्या दिवशी ती केली नव्हती, तर बोगद्याशेजारचं पातळ आवरण सुरकुतून लोंबायला लागलं. आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारी ३३ अंश आणि हवा दमट. थंड देशातल्या माणसांनी दिलेली मापं इथे कमी पडतात.

हवेतल्या मिठाचाही विचार करा. किनाऱ्यापासून आत असलो तरी पावसाचे चार महिने विमान पेटीत पडून असतं. मऊ लोखंडाचा हेडर असेल तर चवथीला पेटी उघडाल तेव्हा गंज दिसेल. स्टेनलेस घ्या आणि मे महिन्यातच तेलाचा हात फिरवून ठेवा.

वाट मोकळी झाली की मिश्रण पातळ होतं, म्हणून हाय नीडल, म्हणजे जास्त फेऱ्यांवरचं पेट्रोल ठरवणारा कार्बचा स्क्रू, आठवा भाग फेरा उघडली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तेही मिश्रण पातळ करतं, त्यामुळे इथे कंजूषपणा नको. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला तेव्हा हात थांबवला. हेडचं तापमान १२५.

९१, आणि तिथेच अडकलो

कॅनिस्टर बसवून मोजलं: ९१. सहा डेसिबलने खाली. कानाला आवाज पूर्ण बदलला होता, फटफट जाऊन गुरगुर आली होती. भाचा खूश. मला वाटत होतं ८५ तरी यावेत.

उत्तर मिळालं ते सर्वांत मोठा आकडा कुठे येतो ते बघताना. आधी तो मफलरच्या बाजूला यायचा. आता डावीकडे आणि उजवीकडे सारखाच, बरोबर प्रॉपच्या चकतीच्या पातळीत. म्हणजे आता आपण इंजिन ऐकत नाही, प्रॉप ऐकतोय.

डेसिबल सरळ मिळवता येत नाहीत. प्रॉपचा आवाज ९० आणि एक्झॉस्टचा ९६ धरला तर बेरीज ९७ होते. मोठा आवाज लहानाला गिळतो. कॅनिस्टरने एक्झॉस्ट ९६ वरून ८४ वर आणला तरी बेरीज ९१ च राहते, कारण ९० तिथे आहेतच. एक्झॉस्ट अगदी शून्य केला तरी ९० खाली जाणार नाही. आणखी महाग, आणखी जड कॅनिस्टर घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते, हे या एका हिशेबाने वाचवलं. मफलर निवडताना आपण प्रॉपकडे बघतच नाही, आणि लोकांनी पैसे वाया घालवलेले मी पाहिलेत ते बहुधा याच ठिकाणी.

प्रॉप ओरडतो तो टोकाच्या वेगामुळे. २२ इंची प्रॉप ७,२०० फेऱ्यांवर फिरला की टोक सेकंदाला २११ मीटरने जातं. हवेत भार हलका होऊन फेरे ७,९०० झाले की २३१, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. आम्ही व्यास तोच ठेवून पिच वाढवला: २२ बाय १०. फेरे ६,६०० वर आले, टोक १९३ मीटरवर. मापक ८९ वर.

भाच्याची तक्रार रास्त होती. "मामा, खाली येताना आता ते धरून राहत नाही, पळतं." ८ च्या पिचला प्रॉप उतरताना ब्रेकसारखा काम करायचा, १० ला तसा करत नाही. पंधरा दिवस त्याने उतरण्याचा सराव नव्याने केला. हे नुकसान खरं आहे आणि ज्याला नाजूक थ्रीडी (अगदी हळू, जवळजवळ हवेत थांबून करायच्या कसरती) उडवायचं आहे त्याला ते पटणार नाही. आमच्यापुढे गुरुजींच्या घरची झोप होती.

अकरा खुणांकडे परत

दिनदर्शिकेचं पान मी वर्कशॉपच्या भिंतीला लावलं होतं. एके दिवशी चहा घेताना नजर वेळांवर थांबली. ऑक्टोबरात आम्ही सकाळीही उडवलं होतं, निदान पाच रविवार-शनिवार. खुणा मात्र सगळ्या साडेतीन ते पाचमधल्या. सकाळची एकही नाही.

मी गुरुजींना विचारायला गेलो. "सकाळी ऐकू येत नाही का?"

"येतं, पण लांबून आल्यासारखं. मला वाटायचं सकाळी लहान विमान असतं."

विमान तेच होतं, वारा वेगळा. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि घर धावपट्टीच्या पूर्वेला आहे. वारा आवाज उचलून नेऊन अंगणात टाकतो. सकाळी जमिनीकडून वारा असतो, तो आवाज पश्चिमेच्या उजाड सड्याकडे नेतो, तिथे मोरांशिवाय कोणी नाही. अगदी पहाटे मात्र नको. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि आवाज वर न जाता वाकून खाली येतो, लांबवर स्पष्ट ऐकू येतो. म्हणून वेळ ठरवली: सकाळी नऊ ते साडेअकरा. दुपारी इंजिन सुरूच करायचं नाही.

त्याशिवाय उडवायची चौकट १५० मीटर पश्चिमेला सरकवली. ४०० चे ५५० मीटर झाले की आणखी पावणेतीन डेसिबल जातात, खर्च काही नाही. ट्रान्समीटरवर एका स्विचने थ्रॉटल सत्तर टक्क्यांवर अडवलं. उभ्या चढाईलाच भाचा तो उघडतो. नोव्हेंबरच्या शेवटी अंगणात मोजलं तेव्हा चढाईच्या क्षणी ५२, एरवी ४८ च्या आसपास, आणि वारा जरा वाढला की सुपारीच्या झावळ्यांचाच आवाज त्याच्या वर.

दहा उड्डाणांनंतर एकदा हेडरचे बोल्ट, तार, टेफ्लॉनची नळी आणि मागचा सिलिकॉन बघायचा, असं वहीत लिहून ठेवलंय. आजवर एकदा सिलिकॉन बदलावा लागला.

गुरुजींनी खुणा करणं थांबवलं नाही, मीच त्यांना थांबवू नका म्हणालो. जानेवारीचं पान त्यांनी परवा आणून दिलं. त्यावर दोन खुणा आहेत, एकाच रविवारच्या, १०.२० आणि १०.५०. वही काढून पाहिली. त्या दिवशी भाचा उडवत नव्हता. म्हापशाचा एक मित्र आपलं ५० सीसीचं विमान घेऊन आला होता, मफलर इंजिनासोबत आलेलाच. त्याला ते पान दाखवलं, अंगणात नेऊन गुरुजींशी गाठ घालून दिली. त्याच्या हेडरचा फ्लँज सध्या माझ्या लेथवर आहे.